५०० ग्रॅमचा ट्रिगर: एअर पिस्तुलाचा चाप घरी कसा लावायचा

मराठीत बंदुकीच्या दोन भागांना जुने, नेमके शब्द आहेत. बोटाने ओढतो तो चाप आणि आतून आदळतो तो घोडा. रेंजवर सगळे ट्रिगर आणि हॅमर म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरले आहेत. दोन्हींच्या मध्ये सियर नावाचा छोटा पोलादी आकडा असतो आणि सगळा खेळ त्याचा असतो. हॅमर स्प्रिंगच्या ताणाखाली सियरवर अडकलेला असतो. ट्रिगर ओढला की सियर सरकतो, हॅमर सुटतो आणि व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि दाबाखालची हवा पेलेटला, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीला, ढकलते. १० मीटरच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर पिस्तुलात हे असं चालतं.

बीड, परभणी, नांदेड, लातूरकडच्या मुलामुलींना पहिलं चांगलं पिस्तूल बहुतेक वेळा वापरलेलंच मिळतं. त्याचा ट्रिगर आधीच्या नेमबाजाच्या बोटाला लावलेला असतो. नवा मालक तसाच सराव सुरू करतो आणि गोळी खाली डावीकडे गेली की स्वतःच्या हाताला दोष देतो. निम्म्या वेळा दोष हाताचा नसतो, ट्रिगर दुसऱ्याच्या मापाचा असतो.

आधी कायदा

४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलं यातच बसतात. काडतुसाच्या पिस्तुलाचं तसं नाही. .२२ चं स्पोर्ट पिस्तूल असो की घरात संरक्षणासाठी ठेवलेलं परवान्याचं हॅमरवालं पिस्तूल असो, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याच्या कामाला स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे अशा पिस्तुलाचा सियर घासणं, हॅमरची स्प्रिंग बदलणं, बाहेरून मागवलेला ट्रिगर संच बसवणं ही कामं परवानाधारक गनस्मिथचीच. कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. हॅमरची स्प्रिंग हलकी केली की ट्रिगर मऊ लागतो, पण प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाच्या ठिणगीच्या दारूवर) ठोका अपुरा पडून काडतूस फुटत नाही. सियरची पकड कमी केली तर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पुढे येताना हॅमर तिच्यामागोमाग घसरतो आणि बोट न हलवता दुसरी गोळी सुटू शकते. संरक्षणाच्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका करूच नये. घाबरलेल्या हाताला तो जड असलेलाच बरा.

पुढचं सगळं १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे. तेही कारखान्याने फिरवण्यासाठीच दिलेल्या स्क्रूंबद्दल.

नियम काय मागतो

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम हवं. २५ मीटर पिस्तुलाला ते किमान १००० ग्रॅम आहे. एअर पिस्तुलाचं एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत असावं लागतं आणि ग्रिपसकट, म्हणजे मुठीसकट, ते ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात बसावं लागतं.

तपासणीला पिस्तूल नळी वर करून उभं धरतात. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या साधारण मध्यावर अडकवतात आणि टेबलावरून उचलतात. वजन अधांतरी आलं आणि हॅमर सुटला नाही तर पास. हवेचा चार्ज चालू ठेवूनच मोजतात. उचलण्याचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. मॅचच्या आधी नापास झालात तर ट्रिगर लावून पुन्हा दाखवता येतं. मॅच संपल्यावरच्या तपासणीत नापास झालात तर खेळाडू बाद, मग पाटीवर कितीही गुण असोत.

म्हणून ५०० वर बरोब्बर लावलेला ट्रिगर हा चुकीचा लावलेला ट्रिगर. ५१० ते ५२० ग्रॅम ठेवा. ते १०-२० ग्रॅम बोटाला कळत नाहीत, पण देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर हादरे खात वरळीच्या रेंजवर उतरल्यावर हेच वाचवतात.

वजन घरी बनवा

डिजिटल ट्रिगर गेज चांगला असतो, पण स्पर्धेत गेजने मोजत नाहीत, वजन उचलून बघतात. तेव्हा घरीही वजनच हवं. किराणा दुकानात मिळतं तसं वैधमापनाचा शिक्का असलेलं वजन घेऊन त्याला सायकलच्या स्पोकचा आकडा लावता येतो. फक्त आकडा, तार आणि नट यांचंही वजन मोजायला विसरू नका. ५०० ग्रॅमचं अख्खं वजन आणि वर १८ ग्रॅमचा आकडा असला की तुम्ही ५१८ ग्रॅम मोजत असता. ते सगळं एकत्र सराफाच्या काट्यावर ठेवा आणि अचूक ५०० करा. त्यासाठी प्लास्टिकच्या डबीत छर्रे किंवा वाळू भरणं सगळ्यात सोपं, कारण चिमूटभर काढता-घालता येते. अशा दोन डब्या करा, एक ५०० ग्रॅमची आणि एक ५२० ची. ५०० प्रत्येक वेळी उचललं गेलं पाहिजे आणि ५२० ला हॅमर सुटला पाहिजे. तुमचा ट्रिगर या दोन्हींच्या मध्ये हवा.

ट्रिगरवर टेकणारी आकड्याची कडा सुरीसारखी सरळ हवी. गोल, घरंगळणारा आकडा ट्रिगरच्या वक्रावर सरकतो आणि दर वेळी वेगळं वजन दाखवतो.

हत्यारं आणि तयारी

मॅच पिस्तुलांच्या ट्रिगरला बहुधा १.५ आणि २ मिमीची एलन की लागते. चांगल्या पोलादाची घ्या. स्वस्त संचातल्या कीचे कोन दोन वापरांत गोल होतात आणि स्क्रूचं डोकं खातात. एकदा डोकं खाल्लं की तो स्क्रू काढणं हे पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपचं काम होऊन बसतं. शिवाय वही, पेन, पातळ ब्रश, पांढरं सुती कापड आणि नेलपॉलिश जवळ ठेवा.

तुमच्या मॉडेलची पुस्तिका मिळवा. वापरलेल्या पिस्तुलाबरोबर ती नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. कोणत्या क्रमांकाचा स्क्रू काय करतो हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवर्कबाऊ यांतल्या एकाचं ज्ञान दुसऱ्यावर चालवू नका.

काम सुरू करण्याआधी ब्रीच (नळीचं मागचं तोंड) उघडा, नळीत पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा आणि हवेचा सिलेंडर काढा. सिलेंडर काढल्यावरही आतल्या कप्प्यात एखाद-दोन शॉटची हवा उरते. पिस्तूल पेलेट ट्रॅपकडे (गोळ्या अडवणाऱ्या पेटीकडे) धरून ती सोडून द्या. मग नळीत आरपार सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालतात ती भडक दोरी) घाला. शेतीच्या दुकानात ब्रश कटरची भगभगीत केशरी नायलॉन दोरी मिळते. ती ४.५ मिमीच्या नळीत सहज जाते आणि चालते.

आता आहे ती स्थिती लिहून ठेवा. वजन दहादा उचला, किती वेळा सुटलं ते नोंदवा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. मोबाइलवर फोटो काढा. यापुढे प्रत्येक फिरवणं वहीत जाईल: «स्क्रू अमुक, उजवीकडे १/८ फेरा». ही नोंद नसेल तर तासाभराने परतीची वाट सापडत नाही.

क्रम मोडू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. लोक आधी वजन लावतात, मग ट्रिगर पुढे-मागे सरकवतात, आणि लावलेलं वजन बिघडलं म्हणून पुन्हा स्प्रिंग पिळतात. क्रम असा: आधी ट्रिगरची जागा, मग सियरची पकड, मग वजनाची वाटणी, शेवटी ट्रिगर स्टॉप. सगळं झाल्यावर पुन्हा एकदा वजन.

जागा आधी का? ट्रिगर म्हणजे तरफ. समजा पिनपासून बोट टेकतं ती जागा ३० मिमीवर आहे आणि तिथे ५०० ग्रॅम लागतात. बोटाची जागा ३ मिमी खाली नेली तर त्याच स्प्रिंगला ५०० × ३० ÷ ३३, म्हणजे साधारण ४५५ ग्रॅम पुरतात. एकही स्प्रिंग न हलवता तुम्ही नापास झालात.

ट्रिगरची जागा

पिस्तूल रोजच्यासारखं पकडा, डोळे मिटा, हात उचला आणि बोट ट्रिगरवर ठेवा. आता डोळे उघडा. पहिल्या पेराच्या गादीचा मधला भाग ट्रिगरवर टेकलेला हवा. बोट ग्रिपच्या लाकडाला कुठेही लागता कामा नये. लागत असेल तर ट्रिगर ओढताना बोट लाकडालाही ढकलतं आणि नळी बाजूला जाते. बोटाच्या टोकाने ओढणारा उजव्या हाताचा नेमबाज गोळी बहुधा डावीकडे पाठवतो, आणि सांध्याजवळून ओढणारा उजवीकडे.

ट्रिगर सरळ मागे येतो का हे बघायला आरशासमोर ड्राय फायर करा, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढा. बोटाचं पेर नळीच्या रेषेत मागे येत नसेल तर ट्रिगरचा बूट (बोट टेकतं तो तुकडा) थोडा फिरवा. बहुतेक मॅच पिस्तुलांत तो पुढे-मागे, वर-खाली आणि आडवाही फिरतो.

बुटांचे प्रकार इथेच निस्तरून टाकू. कारखान्याचा वक्र बूट बोटाला दर वेळी एकाच जागी बसवतो, नवख्याला तोच ठेवा. सपाट रुंद बूट दाब पसरवतो म्हणून ट्रिगर हलका भासतो, पण बोट वर-खाली सरकायला मोकळं राहतं. गोल मणीवाला बूट बोटाची तिरपी ओढ खपवून घेतो. म्हणजे चूक झाकतो, सुधारत नाही. थ्रीडी प्रिंटचे बूट हल्ली सहज मिळतात. ते पीएलए प्लास्टिकचे असतील तर घेऊ नका. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात जालन्यात किंवा परभणीत उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढं तापमान होतं. वाकलेला बूट डोळ्यांना दिसत नाही, टार्गेटवर मात्र दिसतो.

सियरची पकड

दोन स्टेजच्या ट्रिगरमध्ये आधी मोकळा, हलका प्रवास असतो. ती फर्स्ट स्टेज. मग बोटाला भिंत लागते, आणि भिंतीवर थोडा जास्त दाब दिला की शॉट सुटतो. ती सेकंड स्टेज. भिंतीपासून सुटेपर्यंत ट्रिगर सरकताना जाणवत असेल तर त्याला क्रीप म्हणतात. काचेची काडी मोडावी तसा शॉट सुटायला हवा.

क्रीप कमी करायला सियरची पकड कमी करावी लागते. इथे घाई म्हणजे नुकसान. हे स्क्रू फार बारीक आट्यांचे असतात. साध्या एम-३ स्क्रूचा आटा ०.५ मिमी असतो, म्हणजे १/८ फेऱ्यात टोक जेमतेम ०.०६ मिमी सरकतं. सियरच्या कामात तेवढंही पुष्कळ होतं.

पिस्तूल ड्राय फायरला लावा. स्क्रू १/८ फेरा फिरवा, दहा वेळा ड्राय फायर करा, वाटलं ते लिहा. पुन्हा १/८. असं करत करत एक वेळ अशी येते की भिंतच सापडत नाही, फर्स्ट स्टेज ओढता ओढताच शॉट सुटतो, किंवा कॉक केल्यावर (हॅमर मागे नेऊन सियरवर अडकवल्यावर) हॅमर धरतच नाही. ही हद्द झाली. इथून किमान १/४ फेरा मागे या आणि तिथेच थांबा. हद्दीच्या काठावर ठेवलेला ट्रिगर घरी अप्रतिम लागतो आणि मॅचच्या दिवशी दगा देतो.

आता ठोक्याची चाचणी. हवा नाही, पेलेट नाही, हॅमर कॉक केलेला. पिस्तूल ग्रिपला धरून तळहाताने चारही बाजूंनी ठोका, प्रत्येक बाजूला दहा वेळा. एकदाही हॅमर सुटला तर पकड अपुरी आहे. आणखी १/८ मागे या आणि सगळ्या ठोक्यांची चाचणी पहिल्यापासून करा.

वजनाची वाटणी

एकूण ५१० ते ५२० ग्रॅमपैकी किती फर्स्ट स्टेजला आणि किती सेकंडला द्यायचे, यावर प्रत्येक प्रशिक्षकाचं मत वेगळं ऐकायला मिळतं. बहुतेक अनुभवी नेमबाजांना फर्स्ट ३७० ते ४०० आणि सेकंड १२० ते १५० अशी वाटणी मानवते. हात निशाण्यात येईपर्यंत जवळजवळ तीन चतुर्थांश वजन बोटाने आधीच उचललेलं असतं आणि शेवटी थोडंच उरतं. धडपडीच्या, लवकर बोट मारणाऱ्या नवख्याला मात्र ३०० आणि २१० ही वाटणी जास्त बरी. भिंत ठळक लागते, तिथे थांबायची सवय होते. वर्षभराने वाटणी बदलता येते.

फर्स्ट स्टेज वेगळी मोजायची युक्ती सोपी आहे. छर्ऱ्यांच्या डबीत थोडे थोडे छर्रे घालत जा. ज्या वजनाला ट्रिगर भिंतीपर्यंत उतरतो पण सुटत नाही ते फर्स्ट स्टेजचं. तिथून सुटेपर्यंत जे वाढवलं ते सेकंडचं.

बऱ्याच मॉडेलांत हे दोन स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात. सेकंड हलकी केली की एकूणही उतरतं. म्हणून फर्स्ट, सेकंड, एकूण असा फेरा दोन-तीनदा करावा लागतो. स्प्रिंगचा स्क्रू फार बाहेर आला तर सुटून पडतो. डोकं कडेच्या वर दिसू लागलं की थांबा, चुकीच्या स्क्रूने वजन घटवायचा प्रयत्न चालला आहे.

ट्रिगर स्टॉप

शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागे जाऊ द्यायचा हे स्टॉप ठरवतो. पेलेट नळीत असताना बोट धप्पकन मागे गेलं तर पिस्तूल हलतं. सियर सुटल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत काही हजारांश सेकंद जातात, आणि धक्का नेमका त्या वेळातच बसतो.

स्टॉपचा स्क्रू आत घेत जा, शॉट सुटेनासा होईपर्यंत. मग शॉट पुन्हा सुटेपर्यंत मागे या आणि तिथून आणखी १/४ ते १/२ फेरा मोकळा ठेवा. स्टॉप अगदी टेकवून ठेवायचा मोह सोडा. घट्ट स्टॉपवर धुळीचा एक कण बसला तरी सियर पूर्ण सरकत नाही, बोट ओढत राहतं आणि शॉट सुटत नाही. दुसरा धोका याहून वाईट. घट्ट स्टॉप असलेला ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन खोटं उचलतो, कारण तोलून धरणारी सियरची स्प्रिंग नसते, स्टॉप असतो. स्टॉप लावल्यावर वजन पुन्हा मोजायचं ते यासाठी.

शेवटची मोजणी

सिलेंडर लावा, हवा चालू, नळी उभी, तोंड सुरक्षित दिशेला. ५०० ची डबी टेबलावर ठेवा, आकडा ट्रिगरच्या मध्यावर लावा आणि सावकाश, हिसका न देता उचला. सलग दहा वेळा उचललं गेलं पाहिजे, नऊ वेळा नाही. मग ५२० ची डबी. तिला शॉट सुटायला हवा. सुटत नसेल तर वजन ५२० च्या वर आहे, हवं तर थोडं उतरवा.

आता पन्नास शॉट मारा आणि पुन्हा मोजा. नव्याने फिरवलेल्या स्क्रूच्या स्प्रिंगा पहिल्या पन्नास-शंभर शॉटमध्ये बसतात. एकदा स्थिर झालं की नेलपॉलिशचे नवे ठिपके द्या. लॉकटाइटसारखा गोंद स्वतः घालू नका. कारखान्याने नायलॉनचा तुकडा किंवा स्प्रिंग देऊन आटा घट्ट ठेवलेला असतो. गोंद आत ओघळला की सियरच जाम होतो.

काय बिघडतं आणि का

ट्रिगर खरखरतो, दर शॉटला वेगळा लागतो. इथे दहापैकी आठ वेळा धूळ आणि तेल. काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते, आणि कापसाच्या पट्ट्यात जिनिंग जवळ असेल तर हवेत तंतूही तरंगतात. पत्र्याच्या शेडमध्ये पंखा लावून सराव करणाऱ्यांच्या पिस्तुलात हे सगळं जातं. त्यावर शिवणयंत्राचं तेल सोडलं की लेप तयार होतो. सियरवर तेल नको. कोरड्या ब्रशने झाडा, कापडाने पुसा, आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तिथेच, सांगितलं तेवढंच वंगण लावा. खोबरेल आणि रॉकेल या दोन्ही गोष्टी पिस्तुलापासून लांब.

तेलाचा एक धोका वजनापलीकडचा आहे. भरण्याच्या नळीत किंवा सिलेंडरच्या तोंडाशी खनिज तेल असेल तर २०० बारच्या हवेखाली ते पेटू शकतं. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस वापरतात ते यासाठी. सिलेंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नये, वेल्डिंगवाल्याकडे बाटली हाताशी असली तरी.

उन्हाळ्यात वजन बदललं असं वाटतं. पोलाद एवढं पसरत नाही. १० मिमीचा पोलादी भाग ३० अंशांच्या फरकाने साडेतीन-चार मायक्रॉनच वाढतो. बदलतं ते ग्रीस आणि तुमचं बोट. घामाने ओलं बोट बुटावरून घसरतं आणि तरफेची जागा बदलते. रुमाल जवळ ठेवा, दर पाच शॉटनी बोट पुसा. सिलेंडरची गोष्ट वेगळी. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलेंडर गाडीत ६५ अंशांना तापला तर आतला दाब सुमारे २२७ बार होतो. तो डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. सिलेंडरवर कोरलेली मुदतही बघा. मुदत संपलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही, घरीही नको.

भिंत अचानक नाहीशी झाली. बहुधा स्क्रू ढिला झाला आहे. नेलपॉलिशचा ठिपका फुटलेला दिसेल. वहीतल्या नोंदीवर परत आणा. ठिपका शाबूत असेल आणि तरी भिंत नसेल तर सियर झिजला आहे. तो घासून दुरुस्त करायला जाऊ नका. सियरच्या कडेवरचा कठीण थर अगदी पातळ असतो. बारीक पॉलिश पेपरनेही तो गेला की मऊ धातू उघडा पडतो आणि महिनाभरात पुन्हा झिजतो. नवा भाग मागवा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर सियरची खरखर नसते, बोट फक्त स्विच दाबतं. पण बॅटरी, तारा आणि संपर्क ही नवी दुखणी येतात. मॅचच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी, आणि एक जादा खिशात. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल १० मीटरच्या पात्रता फेरीत मध्येच बिघडलं, दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती १२ व्या स्थानावर राहिली. पुढे पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. पण एका पिस्तुलावर भरवसा ठेवण्याची किंमत त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिली.

ग्रिप

ग्रिप हलली की ट्रिगरची जागा हलते, म्हणून ग्रिप बसवल्याशिवाय वर सांगितलेलं काहीही टिकत नाही. रिंक कंपनीसारखी तयार ग्रिप महाग पडते. आहे त्याच ग्रिपवर दोन भागांची लाकूडपुट्टी लावून हाताला बसवता येते. तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर एका वेळी नको. हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळा, ओल्या पुट्टीवर नेहमीची पकड घ्या, दोन मिनिटं तशीच धरा, वाळू द्या आणि फक्त उंचवटे पॉलिश पेपरने काढा. तळहाताच्या खालचा आधार ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणारा नको. तो किंवा अंगठ्याची बैठक वर वळलेली चालत नाही. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. मनगटाला ग्रिप टेकता कामा नये. पुट्टी लावल्यावर ५० मिमी रुंदीची मर्यादा ओलांडली का तेही मोजा, अनेकांचं पिस्तूल खोक्यात अडतं ते इथेच.

टार्गेटवर तपासणी

मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) ३३० मिमी अंतर असेल तर पुढची साइट १ मिमी सरकल्याने १० मीटरवर गोळी ३० मिमी सरकते. १० च्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी. गोळीची कडा टेकली तरी गुण मिळतो हे धरूनही ट्रिगर ओढताना पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त धक्का बसला की दहाचा नऊ झाला.

बदल केल्यावर पहिल्या दिवशी टार्गेट लावूच नका. कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटं ड्राय फायर करा आणि हॅमर सुटताना पुढची साइट हलते का एवढंच बघा. दुसऱ्या दिवशी पाच-पाच शॉटचे चार ग्रुप (गोळ्यांचे पुंजके) मारा, साइट न फिरवता. ग्रुप गोळा झाला पण जागा सरकली, तर ट्रिगर जमला आहे, साइट फिरवा. ग्रुप लांबुळका होऊन खाली डावीकडे ओघळत असेल तर उजव्या हाताचा नेमबाज भिंतीवर न थांबता बोट मारतो आहे. सेकंड स्टेज २०-३० ग्रॅमने वाढवून बघा आणि तेवढेच ग्रॅम फर्स्टमधून काढा, म्हणजे एकूण तेच राहील. ग्रुप आडवा पसरला तर बोटाच्या जागेकडे परत जा.

एका वेळी एकच बदल. त्यावर किमान तीन दिवस आणि दोनशे शॉट. मोठ्या स्पर्धेच्या आधीच्या दहा दिवसांत ट्रिगरला हात लावायचा नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ ५०० ची डबी उचलून बघायची आणि वहीत तारीख टाकायची.